वॉल स्ट्रीटचा पैसा राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात कोणत्या दाराने शिरतो?

प्रश्न असा आहे: "मी न्यू जर्सीत एका मोठ्या बँकेच्या टेक्नॉलॉजी विभागात एच-वन-बी व्हिसावर आहे. दर निवडणुकीला वाचतो की अमुक बँकेने तमुक उमेदवाराला दहा लाख डॉलर दिले. कंपन्यांना देणगी द्यायला कायद्याने बंदी आहे, असंही वाचतो. मग हे जमतं कसं? या पैशाने खरंच काही पदरात पडतं का? आणि आमच्या ऑफिसातून 'कंपनीच्या पॅकला पगारातून दरमहा थोडी रक्कम द्या' असा मेल आलाय. देऊ का?"

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते, कारण त्यात तुमचा व्हिसा अडकलाय. पॅक म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करून उमेदवारांना देणारी समिती, त्यामुळे त्या मेलला हो म्हणू नका. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असल्याशिवाय अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, राष्ट्राध्यक्षपदापासून गावच्या स्कूल बोर्डापर्यंत, एक डॉलरही देता येत नाही. तुम्ही इथे किती वर्षं कर भरताय याच्याशी त्याचा संबंध नाही. तात्पुरत्या व्हिसावर इथे असलेल्या एका वकिलाने आणि एका डॉक्टरने याविरुद्ध दावा लावला होता. आम्ही इथे राहतो, कमावतो, मग थोडीफार रक्कम द्यायला काय हरकत, एवढंच त्यांचं म्हणणं. २०११ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. खालच्या कोर्टातलं निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश होते ब्रेट कॅव्हनॉ, जे पुढे स्वतःच सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसले.

मग तुम्हाला मेल आला कसा? बहुतेक हुद्द्याच्या यादीवरून. पॅकसाठी कंपनीला वरच्या आणि व्यवस्थापकीय नोकरवर्गाकडे मागणी करता येते. यादी काढणाऱ्याने ग्रेड बघितली, व्हिसा बघितला नाही. चूक त्यांची, पण पैसे कापले गेले तर निस्तरायला तुम्हीही लागाल. दोन ओळींचं उत्तर पाठवा, 'मी परदेशी नागरिक आहे, माझं नाव यादीतून काढा', आणि ते जपून ठेवा. बायको नागरिक असेल तर ती तिच्या पैशातून खुशाल देऊ शकते. तुमचे पैसे तिच्या नावाने द्यायचे हा मात्र गुन्हा आहे. दुसऱ्याच्या नावाने देणगी दिल्याबद्दल मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गुन्हा कबूल केला होता. प्रकरण होतं सिनेटच्या निवडणुकीचं आणि वीस हजार डॉलरचं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली, पण तुमच्या-माझ्यासारख्याने त्या भरवशावर राहू नये. फुकट स्वयंसेवा करायची असेल, फोन लावायचे, पत्रकं वाटायची, तर ती व्हिसावरच्या माणसालाही चालते.

आता मुख्य प्रश्न. मी वीसेक वर्षं न्यूयॉर्कमधल्या गुंतवणूक कंपन्यांच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या, विभागात काढली. त्यातली निम्मी वर्षं माझ्याकडे एक खास फॉर्म यायचा: कर्मचाऱ्याला राजकीय देणगी द्यायची असेल तर आधी आमची परवानगी. त्यामुळे हा पैसा मी प्रचाराच्या बाजूने कधी बघितला नाही. तो निघायच्या आधी, माझ्या टेबलावर बघितला.

'बँकेने दिले' या बातमीचा उगम एका रकान्यात आहे. एखाद्या माणसाने एका निवडणूक फेरीत एखाद्या उमेदवाराला एकूण २०० डॉलरपेक्षा जास्त दिले की प्रचार समितीला त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि कुठे नोकरी करतो ते फेडरल इलेक्शन कमिशनकडे नोंदवावं लागतं. मग कुणीतरी तो नोकरीचा रकाना लावून बेरीज मारतो आणि त्या बेरजेला बँकेचं नाव मिळतं. २००८ मध्ये ओबामांच्या यादीत गोल्डमन सॅक्स अगदी वर होती, सुमारे दहा लाख डॉलर. त्यात भागीदार होते, नुकते लागलेले ॲनालिस्ट होते, त्यांची नवरे-बायका होत्या. ओबामांनी त्या निवडणुकीत जमवले सुमारे ७५ कोटी. म्हणजे ज्या आकड्यावर एवढा गहजब झाला, तो एकूण पैशाच्या एक टक्क्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा होता.

तरीही ती बेरीज निरुपयोगी नाही. वारा कुठून कुठे वाहतोय ते तिच्यावरून कळतं. चार वर्षांनी तीच यादी उघडली तर ओबामांचे प्रतिस्पर्धी मिट रोम्नी यांच्या यादीतली पहिली पाचही नावं बँकांची होती, गोल्डमन सर्वांत वर, आणि ओबामांच्या वरच्या नावांत विद्यापीठं आणि सॉफ्टवेअर कंपन्या उरल्या होत्या. मधल्या काळात काय घडलं? जुलै २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायदा आला, बँकांवर नवे निर्बंध बसले, आणि डिसेंबर २००९ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत ओबामा बँकवाल्यांना गलेलठ्ठ बोके म्हणून मोकळे झाले. नियमांपेक्षा तो शब्दच जास्त झोंबला, असं मला ऑफिसातल्या गप्पांवरून वाटायचं. शिवाय रोम्नी बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे, म्हणजे घरचाच माणूस.

बंदीची गोष्ट जुनी आहे. १८९६ मध्ये विल्यम मॅकिन्ली उभे होते आणि समोर ब्रायन होते, चांदीचं नाणं हवं म्हणणारे. सावकारीच्या धंद्याला ती धोक्याची घंटा वाटली. मॅकिन्लींचे सूत्रधार मार्क हॅना यांनी देणगी मागण्याची पद्धतच बदलली: प्रत्येक बँकेने भांडवलाच्या पाव टक्का द्यायचा, शेतसारा आकारावा तसा. सुमारे ३५ लाख डॉलर जमले. मग १९०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विमा कंपन्यांची चौकशी लागली. चार्ल्स इव्हान्स ह्यूज नावाचा वकील एकेका अधिकाऱ्याला उलटतपासणीत सोलत गेला आणि बाहेर आलं की न्यूयॉर्क लाइफने आदल्या वर्षी थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला सुमारे ४८ हजार डॉलर दिले होते, तेही पॉलिसीधारकांच्या हप्त्यांतून. विधवा-पोरक्यांसाठी ठेवलेला पैसा प्रचारात गेला, हे लोकांना सहन झालं नाही. १९०७ मध्ये टिलमन कायदा झाला. कंपन्यांना केंद्रीय निवडणुकीत देणगी बंद. केंद्राच्या सनदेवर चालणाऱ्या राष्ट्रीय बँकांना तर कुठल्याच निवडणुकीत नाही. आपल्याकडे हे अगदी उलट आहे. भारतात कंपनी ताळेबंदात दाखवून पक्षाला थेट देणगी देऊ शकते, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते निवडणूक रोखे, कंपन्यांच्या देणग्या नव्हेत. त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाला इथली बंदी फार कडक वाटते. दारं मोजली की तसं वाटत नाही.

पहिलं दार तुमच्या मेलमधलं, कंपनीचा पॅक. कर्मचाऱ्यांनी आपापल्या खिशातून वर्षाला जास्तीत जास्त पाच हजार डॉलर पॅकला द्यायचे, आणि पॅकने उमेदवाराला एका निवडणुकीत पाच हजारांपर्यंत. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत याला फारशी किंमत नाही. बँकांचे पॅक बहुतेक काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्यांना देतात, विशेषतः वित्तविषयक समित्यांवर बसलेल्यांना. कारण उघड आहे. पाच हजारांची नोंद काँग्रेस सदस्य ठेवतो. शंभर कोटींच्या प्रचारात ती कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय ओबामा, बायडेन यांनी पॅकचा पैसा घेणार नाही असं जाहीरच केलं होतं. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर कित्येक मोठ्या बँकांनी पॅकच्या देणग्या काही काळ थांबवल्या. थांबवायला ते सोपं होतं, आणि थांबवलं हे दिसतही होतं.

दुसरं दार जेवणाचं. २०२४ मध्ये एका माणसाला एका उमेदवाराला प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरतो ती) ३,३०० आणि अंतिम फेरीत ३,३०० एवढेच डॉलर देता येत होते. त्यामुळे मोठा माणूस तो, ज्याच्या फोनवर दुसरे शंभर जण चेक फाडतात. त्याला बंडलर म्हणतात. धाकट्या बुशच्या वेळी एक लाख जमवणाऱ्याला 'पायोनियर' आणि दोन लाखवाल्याला 'रेंजर' अशी पदवीच होती, गणेशोत्सवाच्या अहवालात आश्रयदात्यांची नावं छापतात तशी. गंमत म्हणजे बंडलर नोंदणीकृत लॉबिस्ट, म्हणजे दुसऱ्यांसाठी सरकारदरबारी बाजू मांडणारा, असेल तरच त्याचं नाव उघड करायची सक्ती आहे. बाकीच्यांची नावं उमेदवाराने मनात आलं तर सांगायची.

ताटाचा हिशोब एकदा मांडून दाखवते. जून २०११ मध्ये ओबामा मॅनहॅटनमधल्या 'दानिएल' या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये वॉल स्ट्रीटवाल्यांबरोबर जेवायला बसले. दर ताटी ३५,८०० डॉलर. हा विचित्र आकडा कुठून आला? त्या वर्षीची मर्यादा होती २,५००. दोन फेऱ्यांचे झाले ५,०००. उरलेले ३०,८०० राष्ट्रीय पक्ष समितीला, तिची स्वतंत्र मर्यादा तेवढीच होती. म्हणजे एकाच चेकमध्ये दोन खिसे, आणि दोन्ही काठोकाठ. पुढे राज्याराज्यांतल्या पक्ष समित्याही त्याच चेकला जोडल्या जाऊ लागल्या, आणि २०२४ मध्ये बायडेन यांच्या संयुक्त निधीला एक माणूस ९,२९,६०० डॉलरपर्यंत देऊ शकत होता. ३,३०० ची मर्यादा कागदावर जागच्या जागी होती.

या जेवणांची दुसरी बाजू रोम्नींना महागात पडली. मे २०१२ मध्ये फ्लोरिडात बोका रॅटन इथे एका प्रायव्हेट इक्विटीवाल्याच्या (कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्याच्या) घरी पन्नास हजार डॉलर ताटाचं जेवण होतं. तिथे रोम्नी सत्तेचाळीस टक्के लोक सरकारवर अवलंबून असल्याबद्दल मोकळेपणाने बोलले. पाहुण्यांची ओळख तपासलेली होती. ड्रिंक्स देणाऱ्याने काउंटरवर ठेवलेला कॅमेरा कुणी तपासला नाही. सप्टेंबरात ती फीत बाहेर आली.

तिसरं दार २०१० नंतरचं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड निकाल आला आणि मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाचा स्पीचनाऊ निकाल. दोन्ही मिळून सुपर पॅक जन्माला आले, म्हणजे उमेदवाराला पैसे न देता त्याच्यासाठी स्वतंत्रपणे प्रचाराचा खर्च करणाऱ्या समित्या. अट एकच, उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. रकमेला मर्यादा नाही. इथे बँका मागे पडल्या आणि हेज फंडांचे, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्या खासगी फंडांचे, मालक पुढे आले. हा फरक बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून सांगते. बँक ही शेअरहोल्डरांची, तिला बदनामीची भीती, तिचे ग्राहक दोन्ही पक्षांचे. फंडाचा मालक स्वतःच्या पैशाचा राजा. त्याला कुणाला उत्तर द्यायचं नसतं. २०१६ मध्ये रेनेसाँ टेक्नॉलॉजीज या एकाच फंडाचे संस्थापक जेम्स सायमन्स हिलरी क्लिंटन यांच्या बाजूच्या सुपर पॅकला देत होते आणि त्याच फंडाचे सह-प्रमुख रॉबर्ट मर्सर आधी टेड क्रूझ आणि मग ट्रम्प यांच्या बाजूला. दोघांच्याही रकमा आठ आकडी. 'कंपनीनुसार' बेरीज करणाऱ्याने दोघांना एकाच नावाखाली टाकलं, तर त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा?

आणि २०२४ मध्ये तर कहर झाला. ३० मे ला न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्प यांना दोषी ठरवलं आणि ३१ मे ला टिमोथी मेलन यांनी त्यांच्या सुपर पॅकला पाच कोटी डॉलर दिले, एका चेकने. मेलन म्हणजे त्या जुन्या बँकर घराण्यातले. आजोबा अँड्र्यू मेलन १९२१ ते १९३२ अर्थमंत्री होते. नातवाचा स्वतःचा धंदा रेल्वेचा, पण पैशाचं मूळ बँकेतलं.

आता माझ्या टेबलावर या.

२०१० मध्ये सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे इथल्या सेबीने, एक नियम केला. आम्ही त्याला 'पे-टू-प्ले' म्हणतो. राज्यांच्या आणि शहरांच्या पेन्शन फंडांचा पैसा सांभाळायला कुणाला द्यायचा हे ज्यांच्या हातात असतं, अशा पदाधिकाऱ्याला फंड कंपनीच्या वरिष्ठाने किंवा धंदा आणणाऱ्या माणसाने देणगी दिली, तर त्या पेन्शन फंडाकडून दोन वर्षं फी घेता येत नाही. सूट किती? देणाऱ्याला त्या पदाधिकाऱ्यासाठी मतदान करण्याचा हक्क असेल तर ३५० डॉलर, नसेल तर १५०. हेतू काय होता, हे कुणी विचारत नाही. समजा एका राज्याच्या पेन्शनचे २० कोटी डॉलर तुमच्याकडे आहेत आणि फी अर्धा टक्का. वर्षाला दहा लाख, दोन वर्षांचे वीस लाख. एका माणसाने हौसेने चारशे डॉलर दिले की वीस लाख गेले.

राष्ट्राध्यक्षपदाशी याचा संबंध कुठे येतो? उमेदवार विद्यमान गव्हर्नर असेल तर. गव्हर्नर पेन्शन बोर्डावर असतो किंवा बोर्डावर माणसं नेमतो. तो व्हाइट हाउसला उभा राहिला तरी नियमाच्या नजरेत गव्हर्नरच. २०१५-१६ च्या प्राथमिक फेरीत रिपब्लिकनांमध्ये ख्रिस्टी, केसिक, वॉकर, जिंदाल असे गव्हर्नर ओळीने उभे होते, आणि आमच्या विभागाची झोप उडाली होती.

त्या हंगामात आमच्याकडे एका विक्रीवाल्याने रात्री अकरा वाजता, टीव्हीवरचा वादविवाद बघता बघता, फोनवरून एका गव्हर्नरला ५०० डॉलर दिले. फॉर्म भरला नाही. 'मी राष्ट्राध्यक्षपदासाठी दिले, गव्हर्नरपदासाठी नाही,' असं तो मला सकाळी अगदी निरागसपणे सांगत होता. रक्कम ३५० च्या आत असती तर वेळेत पैसे परत मागवून सुटलो असतो. ती पळवाट चार महिन्यांच्या आत चूक सापडली आणि त्यानंतर साठ दिवसांत पैसे परत आले तरच, आणि तेवढ्याच रकमेपर्यंत आहे. पाचशेला ती नव्हती. त्या राज्याच्या खात्याची फी आम्ही वेगळ्या खात्यात टाकली, वकील लावले. वकिलांचं बिल देणगीच्या कितीतरी पट झालं. तो माणूस पुढच्या वर्षी दुसरीकडे गेला, आणि नव्या कंपनीने त्याला घेण्याआधी मला फोन केला, कारण माणसाबरोबर त्याच्या देणग्यांचा दोन वर्षांचा इतिहासही नव्या कंपनीच्या गळ्यात पडतो.

टोपीचा किस्सा त्याहून लहान, पण मला जास्त आठवतो. एका मुलीने उमेदवाराच्या वेबसाइटवरून एक टोपी आणि दोन टी-शर्ट घेतले. तिला ते कपडे वाटले. कायद्याला ती देणगी वाटते. प्रचाराच्या दुकानातल्या वस्तूची पूर्ण किंमत देणगीत धरली जाते. पावती बघून तिने विचारलं, 'मापात नाही बसले म्हणून परत केले तर?'

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार. कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला घेणार याची चर्चा दोन आठवडे चालू होती. शापिरो, वॉल्झ, बशिअर, केली ही नावं होती. पहिले तिघं गव्हर्नर, केली सिनेटर. आम्ही मेलचे दोन मसुदे करून ठेवले होते, एक गव्हर्नर आला तर, एक सिनेटर आला तर. सकाळी टिम वॉल्झ यांचं नाव आलं. मिनेसोटाचे गव्हर्नर, आणि राज्याच्या गुंतवणूक बोर्डाचे सदस्य. पहिला मसुदा गेला: या क्षणापासून हॅरिस-वॉल्झ जोडीला देणगी देण्याआधी परवानगी लागेल. कालपर्यंत एकट्या हॅरिस यांना दिलेलं चालत होतं. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. ट्रम्प-व्हान्सला का चालतं, तुम्ही रिपब्लिकन आहात का? व्हान्स सिनेटर, म्हणून चालतं. आठ वर्षांपूर्वी नेमकं उलट झालं होतं: माइक पेन्स इंडियानाचे गव्हर्नर, टिम केन सिनेटर, म्हणून गोल्डमनने सप्टेंबर २०१६ पासून आपल्या भागीदारांना ट्रम्प-पेन्स जोडीला देणगी द्यायला मनाई केली आणि क्लिंटन-केनला मुभा ठेवली. तेव्हा लोक आम्हाला डेमोक्रॅट म्हणायचे.

त्याच मंगळवारी दुपारी एका भागीदाराचा फॉर्म आला. रक्कम सात आकडी, सुपर पॅकला. मी नियम पुन्हा वाचला, वकिलाला विचारलं. स्वतंत्र खर्च करणाऱ्या समितीला दिलेली रक्कम साधारणपणे या नियमात येत नाही, आडवाटेने उमेदवारालाच पोचवायची नसली तर. मी सही केली. सकाळी ज्या मुलाला मी चारशे डॉलर देऊ नकोस म्हटलं होतं, तो पलीकडच्या टेबलावर बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणणार नाही, कारण त्या भागीदाराने काही चोरलं नव्हतं. कायदाच तसा लिहिलाय: चारशेला संशयाने बघायचं आणि दहा लाखांना अभिव्यक्ती म्हणायचं.

पैशाने पदरात काय पडतं? निवडणूक पडत नाही, हे आधी सांगते. २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच जेब बुश यांच्या सुपर पॅकने दहा कोटींहून जास्त जमवले, त्यात वित्तक्षेत्राचा भरणा मोठा होता. पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी पदरात पडले चार. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनानंतर ते घरी गेले. २०१२ मध्ये वॉल स्ट्रीट रोम्नींकडे, जिंकले ओबामा. २०१६ मध्ये क्लिंटनकडे, जिंकले ट्रम्प. २०२० मध्ये बायडेनकडे, आणि तेव्हा मात्र घोडा लागला. मायकेल ब्लूमबर्ग यांनी तर त्याच वर्षी स्वतःचे शंभर कोटींवर डॉलर खर्चून प्राथमिक फेरीत एकच ठिकाण जिंकलं, अमेरिकन समोआ.

मिळतं ते वेगळं. कॅरिड इंटरेस्ट घ्या. फंड चालवणाऱ्याला नफ्यातला जो वाटा मिळतो, सहसा वीस टक्के, तो पगारासारखा ३७ टक्क्यांपर्यंतच्या दराने न धरता भांडवली नफा म्हणून वीस टक्क्यांच्या आसपास धरला जातो. हे बदलू, असं ओबामा म्हणाले, २०१६ च्या प्रचारात ट्रम्प म्हणाले, बायडेन म्हणाले. २०१७ च्या करकायद्यात झालं काय, तर गुंतवणूक एक वर्षाऐवजी तीन वर्षं ठेवायची अट आली. प्रायव्हेट इक्विटीवाले पाच-पाच वर्षं ठेवतातच, त्यांना फरक शून्य. २०२२ मध्ये ही सवलत आवळणारी तरतूद नव्या कायद्यात घातली होती, ती सिनेटर कर्स्टन सिनेमा यांच्या आग्रहाने काढावी लागली. तीन राष्ट्राध्यक्ष, दोन्ही पक्ष, आणि वाक्य जागेवरच. हे एका चेकने होत नाही. फोन उचलला जातो म्हणून होतं, कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याच्या खोलीत तुमच्या बाजूचा माणूस बसलेला असतो म्हणून होतं. ती खुर्ची कशी मिळते हेही गुपित नाही. स्टीव्हन म्नुचिन गोल्डमनचे माजी भागीदार, २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे निधीप्रमुख, २०१७ मध्ये अर्थमंत्री. स्कॉट बेसेंट हेज फंडवाले, २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यासाठी निधी उभा करणारे, जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री. माणसं लायक नव्हती असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण त्याच लायकीची शंभर माणसं त्या रस्त्यावर आहेत, आणि दिसली ती हीच.

चौथ्या दाराकडे वर्तमानपत्रंही उशिरा बघतात: शपथविधी समारंभ. निवडणूक संपलेली असते, त्यामुळे टिलमन कायदा लागू होत नाही. इथे कंपनी स्वतःच्या तिजोरीतून, कितीही, थेट देऊ शकते. आणि कोण जिंकलं ते कळल्यावर द्यायचं असतं, म्हणजे चुकीच्या घोड्यावर पैसे लागायची भीतीच नाही. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधी समितीने सुमारे १०.७ कोटी डॉलर जमवले होते. २०२५ मध्ये तो आकडा सुमारे २३.९ कोटींवर गेला. ट्रेडिंग ॲपवाल्या रॉबिनहूडने वीस लाख दिले, क्रिप्टोतल्या रिपलने पन्नास लाखांच्या आसपास. तुम्ही वाचलेली 'कंपनीने दिले' ही बातमी याबद्दलची असेल, तर ती शब्दशः खरी आहे.

तुम्हाला आकडे स्वतः बघायचे असतील तर फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर तुमच्या बँकेचं नाव नोकरीच्या रकान्यात टाका. तिथे दिसतील ते बहुतेक तुमच्यासारखे पगारदार, शे-दोनशे, हजार. मग बँकेचं नाव काढा आणि मॅनहॅटनच्या पार्क ॲव्हेन्यूवरचे पिनकोड टाका. एकाच तारखेला, एकाच पत्त्यावर, दोन ओळी सापडतील, दोन्ही मर्यादेला टेकलेल्या. पहिल्या ओळीत व्यवसाय लिहिलेला असतो 'गुंतवणूक', नोकरी 'स्वतःची'. दुसरीत व्यवसाय 'गृहिणी'. नोकरीच्या रकान्यावरून केलेल्या कुठल्याही बेरजेत ती दुसरी ओळ वॉल स्ट्रीटच्या नावावर आपोआप चढत नाही.